एका विहिरीचे दोघे

'रायव्हल' हा शब्द मी कॉलेजात वर्षानुवर्षं 'प्रतिस्पर्धी' म्हणून शिकवला. मग एकदा शब्दकोशात त्याचं मूळ पाहिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता, एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा. पुस्तक मिटलं आणि चुलतभावाचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

गावाकडची विहीर आम्हा दोघांत सामाईक. पाण्याची पाळी ठरलेली. एकाच्या घरात कुणी गेलं, तर दहाव्यापर्यंत त्याच्या पिकाला दुसऱ्यानं पाणी पाजायचं, ही रीत. माझे वडील गेले तेव्हा भर मे महिना होता, हळद नुकती लावलेली. चुलतभावानं आमची पाळी चालवली आणि पाणी सोडलं स्वतःच्या उसात. आमची हळद वाळली. नदीवर दहाव्याला मी विचारलं, तर म्हणाला, "पाट फुटला हुता रं गड्या. मी काय त्यात आडवा पडू?" भावकी हसली. वडिलांच्या दहाव्याला हसली. ते हसू मी जपून ठेवलं.

यंदा मे महिन्यातच चुलती गेली. त्याची आई. माझी आई आजारी असायची तेव्हा मला हिनंच भरवलेलं. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली माझ्या हातात देताना चुलतभावाला मान वर करता आली नाही. मला ते फार आवडलं.

मी त्याच्यासारखं पाणी चोरलं नाही. पेटी उघडलीच नाही. रोज सकाळी सांगलीहून स्कूटरवर जायचो, विहिरीत भरलेलं पाणी बघायचो, मग बांधावर बसून त्याच्या हळदीचे कोंभ करपताना बघायचो. चुलती आठवायची. तरी उठलो नाही.

दहाव्याला भावकीदेखत त्याचंच वाक्य त्याला परत करायचं, असं ठरवून गेलो होतो. त्यानं काही विचारलंच नाही. किल्ली मागून घेतली आणि हळूच म्हणाला, "म्हातारीनं सोता निवडल्यालं हळदीचं बेणं हुतं ते. त्यातलं पाटीभर तिनं तुझ्यासाठी काढून ठिवलंय. तुझं मागं वाळलं म्हनून. घिऊन जा."

माझं वाक्य तोंडातच राहिलं. त्याबद्दलही मला त्याचा राग आहे.

बेणं अजून त्याच्याच पडवीत पडून आहे. लावायचा हंगाम सरत आला. आणलं तर पाणी त्याच विहिरीचं पाजावं लागणार, आणि माझ्या पाळीच्या दिवशी तो बांधावर उभा असणार. चुलतीनं माझ्यासाठी ठेवलेलं मी वाळू देतो आहे, हे मला कळतं.