पुसलेल्या सर्व्हरवरून दादा बोलायचा

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. या ग्रुपवर लोक चकवा, हडळ वगैरे लिहितात, ते मी डबा खाताना वाचतो आणि मनात हसतो. आता माझी पाळी आहे, तुम्ही हसा.

मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे, राहायला छावणीत. आमच्या घरात कॉम्प्युटरचं कळतं ते मला एकट्याला, आणि ते सगळ्यांना दिसावं याची मला भारी हौस. त्या हौसेपायी लिनक्सचा एक सर्व्हर भाड्यानं घेतला. अनमॅनेज्ड. म्हणजे कंपनी नुसती रिकामी खोली देते… कुलूप, झाडलोट, उंदीर-घुशी सगळं तुमचं. काळ्या स्क्रीनवर कमांड टाकायच्या, चुकलं तर कुणी फिरकत नाही. मी व्हिडिओ बघून शिकत होतो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस म्हणजे मीच.

त्याच सुमारास माझा मोठा भाऊ गेला. दादा गंगापूरला शेती करायचा. वैजापूरच्या मार्केटयार्डात कांदा घेऊन गेला होता, तिथंच दुपारी हार्ट अटॅक आला.

वहिनीकडं दादाच्या आवाजातल्या व्हॉट्सॲपवरच्या चाळीसेक क्लिपा होत्या. ‘मोटर बंद कर’, ‘येताना साखर आणू का’, असल्या. रोज दुपारी ती ऐकायची. तिच्या फोनची मेमरी भरली तेव्हा मी म्हणालो, “वहिनी, आपला स्वतःचा सर्व्हर असताना काळजी कशाला?” सगळ्या क्लिपा सर्व्हरवर चढवल्या. तिच्या फोनवर एक पान उघडून दिलं, बटन दाबलं की दादा बोलणार. आणि फोनमधल्या मूळ क्लिपा माझ्या हातानं डिलीट केल्या.

“भाऊजी, जातील तर नाय ना?” तिनं विचारलं.

“बॅकअप आहे वहिनी,” मी म्हणालो.

बॅकअप होता. त्याच सर्व्हरवर, शेजारच्या फोल्डरमध्ये.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी फायरवॉल चालू केली. फायरवॉल म्हणजे दाराची कडी. ती लावण्याआधी स्वतःला आत यायची वाट ठेवायची असते, हा पहिला धडा. मी तो व्हिडिओ दीडपट स्पीडनं पाहिला होता. कनेक्शन तुटू शकतं, पुढं जायचं का, असं मशीननं विचारलंसुद्धा. मी ‘वाय’ दाबलं. दुसऱ्या दिवशी मीच बाहेर. कंपनीला मेल टाकला. उत्तर दोन ओळींचं – सेवा अनमॅनेज्ड आहे, हे आमच्या कामात बसत नाही. पॅनेलवर ‘रीबिल्ड’ नावाचं बटन होतं, खाली लाल अक्षरांत इशारा, सगळा डेटा जाईल. मी म्हटलं, जाऊ दे, बॅकअप आहे… आणि दाबलं. बटन दाबल्यावर अक्कल आली. त्याच पॅनेलमधून मागच्या दारानं आत जाऊन दोन मिनिटांत कडी काढता आली असती, हे तर आठवड्यानं समजलं.

दहा दिवस मी वहिनीचा फोन येईल म्हणून धसका घेऊन बसलो. आला नाही. शेवटी रविवारी जीपनं गंगापूरला गेलो, सांगून टाकू म्हणून.

वहिनी ओट्यावर गवार निवडत बसली होती. बाजूला फोन. आणि फोनमधून दादा बोलत होता.

मला वाटलं, फोननं काहीतरी साठवून ठेवलं असेल. असं होतं कधीकधी. तिचा नेट बंद केला. दादा थांबला. परत चालू केला, बोलायला लागला. वर पत्ता माझ्याच सर्व्हरचा, तोच आकडा. माझ्या फोनवर तो टाकला तर पान उघडेना. फोनवरूनच सर्व्हरच्या आत शिरून बघितलं. रिकामा. पान दाखवणारा प्रोग्रामच मी परत टाकला नव्हता. कुणी जोडलेलं नाही, काही नाही.

“वहिनी, हे कधीपासून वाजतंय?”

“रोज वाजतं की. मधी एक दिवस बंद व्हतं, मग लागलं. अन् आता नवीन नवीन पण येतंय. तुम्हीच टाकलं ना?”

मी काही बोलायच्या आत पुढची क्लिप लागली. दादाचा आवाज, अगदी शांत, बांधावर बसून बोलावा तसा. “त्या दिवशी छातीत जड झालं तव्हा संजूला फोन केला. म्हणलं ये. तर म्हणला, ॲसिडिटी असंल, सोडा पी.”

संजू म्हणजे मी. हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. दादाचा फोन बंद पडला होता, त्यानं अडतदाराच्या फोनवरून लावला होता. मी तेव्हा सर्व्हरवर पहिल्या कमांडा टाकत होतो. सोड्याचं सांगितलं, “दादा, महत्त्वाच्या कामात आहे, नंतर करतो,” म्हणालो आणि ठेवला. परत केला नाही. संध्याकाळी त्याच नंबरवरून अडतदाराचा फोन आला. घरी मी सांगितलं, मला थेट बातमीच कळली.

वहिनीची मान खालीच होती. ती शेंगा मोडत राहिली. क्लिप अजून चालू होती, पण मी उठलो. “जीप निघेल,” म्हणालो. चहासुद्धा घेतला नाही.

मला भुताची भीती वाटली नाही, खोटं कशाला बोलू. भीती वाटली ती सुतकात जमलेल्या सगळ्या नातेवाइकांची. आज वहिनीनं ऐकलं, उद्या शेजारीण ऐकेल, परवा मामा. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या कॉम्प्युटरवरून पॅनेल उघडलं आणि सर्व्हरच कायमचा डिलीट केला. या वेळी लाल अक्षरं नीट वाचली. दोनदा वाचली.

चारच्या सुमारास वहिनीचा फोन आला.

“भाऊजी, बंद झालं. तुम्ही केलं का?”

“नाही वहिनी… कंपनीकडूनच काहीतरी…”

ती म्हणाली, “सोड्याचं मला लई आधी कळलं व्हतं. आठ दिवस झाले ते लागत व्हतं. मी कुणाला बोलले का?”

“वहिनी, ते…” मी सुरुवात केली.

“तुम्ही फुडचं ऐकलंच नाय. लगीन झाल्यापासून ‘अगं ए’ म्हणूनच हाक मारली ह्यांनी, चारचौघांत नाव घ्यायची लाज. त्या सोड्याच्या फुडं सुमन म्हणायचे. दोनदा. तेवढ्यासाठी लावायची मी.” आणि तिनं फोन ठेवला.

इथं बरेच जण माझ्यापेक्षा जाणकार आहेत. फोनची कॅशे म्हणाल, दुसरा सर्व्हर म्हणाल. मी सगळं तपासलं, दोन इंजिनिअरांना विचारलं. पुसलेल्या डिस्कवर, मी कधी न चढवलेली क्लिप कुठून आली, कुणी सांगू शकलं नाही. मलाही आजपर्यंत कळलेलं नाही. कंपनीला हात जोडून पत्त्याचा तोच आकडा परत मागितला, तर तो दुसऱ्या ग्राहकाला देऊन झाला होता.

आता त्या पत्त्यावर कुठल्याशा टाइल्सच्या दुकानाचं पान उघडतं. पुतण्या सांगतो, आई रोज दुपारी ते उघडते आणि बाथरूमच्या फरश्यांचे फोटो एकेक करून दाबून बघते.