न पेटणारं औषध

मला अजूनही त्या माणसाचा राग येतो. मुंबईतल्या कुठल्याशा दोन खोल्यांच्या कंपनीचा तो एजंट. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने आमच्या मांडवी बंदरात उतरला आणि थेट आमच्या दुकानात आला. एकोणीसशे तीस साल उलटून गेलं होतं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मुंबईच्या लाँड्रीत काम शिकून परत आला होता आणि घराच्या पुढच्या खोलीत त्याने पेट्रोल वॉशचं दुकान घातलं होतं. वकिलांचे लोकरी कोट, लग्नातले जरीचे शालू, जे जे पाण्यात घालता येत नाही ते आमच्याकडे यायचं. नवरा गेल्यापासून मी दादा-वहिनीकडेच राहत होते.

पेट्रोल कधी भडकेल याचा नेम नाही, म्हणून ते काम परसात, माडांखाली, चुलीपासून लांब चालायचं. पाऊस लागला की बंद. आणि कोटांवर बुरशी चढते ती नेमकी पावसातच. वकील दारात यायचे आणि दादा हात जोडून त्यांना परत पाठवायचा. एजंटाने आमची ही नड बरोबर हेरली.

त्याच्याकडे पेट्रोलऐवजी वापरायचं, डब्यात भरलेलं पाण्यासारखं काहीतरी होतं. त्याला तो औषध म्हणायचा. पेटत नाही, म्हणाला. शालूची जर काळी पडत नाही. वास गोड. आणि अंगाला काही अपाय नाही, हेही त्याच दमात सांगून मोकळा झाला. दादा काही भोळा नव्हता. त्याने वाटीत औषध घेऊन त्यात जळती काडी टाकली. काडी विझली. जरीचा जुना तुकडा रात्रभर भिजत ठेवला, तो सकाळी लखलखीत निघाला. वास तर खरोखरच गोड होता. तीन गोष्टी खऱ्या ठरल्यावर चौथी त्याने तशीच खरी धरली. कंपनीने तरी ती कशावर पारखली होती, देव जाणे. एजंट दुकानात उभा राहून वाटीभर औषधाची गंमत दाखवी. आमच्याकडे काम व्हायचं ते जमिनीवर बसून, घंगाळात वाकून, दिवस दिवस.

पाऊस लागला. आता पेटायची भीती नाही म्हणून घंगाळ परसातून पडवीत आलं. पडवीला पावसासाठी माडाची झापं बांधलेली, वाऱ्याला आत यायला फट नाही. निखाऱ्यांची इस्त्रीसुद्धा शेजारीच. कपडे घोळायला वहिनी बसायची, कारण तिचा हात हलका, शालूची जर तुटत नसे. थोड्याच दिवसांत ती म्हणायला लागली, "वन्सं, डोकां जड झालांय. ऊन नाय ना, म्हणून आसल." मग जेवण जाईना. मग डोळे पिवळे झाले.

कावीळ आमच्याकडे कुणाला नवी नाही. गावठी औषध आणलं, तेल-तिखट बंद केलं. जरा हुशारी वाटली की ती पुन्हा घंगाळापाशी. का नाही बसणार? अपाय नाही असं कंपनीनेच सांगितलं होतं ना. डॉक्टरने दादाला बाजूला घेऊन विचारलं, बाई दारू घेते का. माझ्या वहिनीबद्दल हे विचारलं. दादा मान खाली घालून घरी आला आणि जेवला नाही. पुढे तिचे पाय सुजले, लघवी थांबली. घरात गणपती यायच्या आधीच ती गेली.

बोटी सुरू झाल्या तसा एजंट पुन्हा हजर. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. पडवीत शिरला आणि पहिलं विचारलं, "काय दादा, कुठे पेटलं-बिटलं नाही ना?"

"नाय," दादा म्हणाला.

"मग देवरुखात तुमचं नाव सांगतो. अख्खा पावसाळा वापरलं, काही झालं नाही म्हणून."

माझं डोकं फिरलं. कोपऱ्यात उरलेला डबा मी ओढला, घंगाळात उपडा केला आणि त्याच्यापुढे पाट टाकला. म्हटलं, "हितं बसा. आमची वैनी हितंच बसायची. चार कोट घोळून दाखवा."

तो बसला नाही. नाकाला रुमाल लावून मागे सरला, एका हाताने झाप वर उचललं आणि सहज सांगावं तसं बोलला, "अहो बाई, हे बंद जागेत उघडायचं नसतं. आमच्या गोदामातसुद्धा दारं उघडी टाकूनच ओततात."

परक्या माणसाला आयुष्यात कधी अरेतुरे न केलेला माझा भाऊ. त्याने एवढंच विचारलं, "ह्यां तुला म्हाईत होतां?"