गोल्डन गेटवर हात जोडले तेव्हा

मुलाकडे अमेरिकेत येऊन दोन महिने होत आले, तरी तो नागपूरला कायमचा परत येणार की नाही, हे विचारायची हिंमत मला झाली नव्हती. नवरा रोज कान खायचा, "काहून वं, विचारलं का त्याले?" स्वतः मात्र मुलाशी क्रिकेटपलीकडे काही बोलत नसे. त्यात घरी मुलगा सदा मीटिंगमध्ये. म्हणून त्यानं गोल्डन गेट बघायला नेलं, तेव्हा मी ठरवलं, आज विचारायचंच.

गाडी लावून आम्ही पुलावर चालायला लागलो. झुलता पूल म्हणतात, पण झुलताना काही दिसला नाही. मी जरा हिरमुसलेच. दोन उंच लाल खांब, त्यांच्यावरून सोडलेले लोखंडी दोर आणि त्यांना टांगलेला अख्खा रस्ता. वारा एवढा, की शाल सावरता सावरता पुरेवाट झाली. शेजारून गाड्या धडाधडा चाललेल्या. असल्या ठिकाणी असला विषय काढायचा तरी कसा?

माझं माहेर रामटेककडचं. एसटी कामठी सोडून कन्हानच्या पुलावर आली की आम्ही बायका नाणं काढून नदीत टाकतो आणि हात जोडून मनातलं मागतो. मुलगा लहानपणी तेवढ्यासाठी खिडकी अडवून बसायचा. आताही सवयीनं माझा हात पर्समध्ये गेला.

"आई, फेकू नको वं. दंड होते इथं," मुलानं माझं मनगटच धरलं. "अन् ही नदी नाही, समुद्र हाये."

"मले का करायचं? पूल हाये ना. बरं, नाही टाकत. नुसते हात जोड अन् माग काही."

तो हसला. पण चाळिशीचा गडी, भर गर्दीत डोळे मिटून, हात जोडून उभा राहिला. मला आयतीच संधी सापडली.

"का मागितलं रे?"

"ग्रीन कार्ड," तो सहज म्हणाला. "किती वर्षांपासून वाट पाहून राहिलो. एकदाचं मिळालं की इथंच घर घेतो."

नवऱ्यानं ऐकलं आणि तो कठड्याशी जाऊन पाण्याकडे बघत राहिला. मला फार वाईट वाटलं. विचारायचं आता काही उरलं नव्हतं.

"तू का मागितलं, आई?" मुलगा म्हणाला.

मी अजून मागितलंच नव्हतं. मग हात जोडले आणि म्हटलं, याला ते मिळू दे.