उघडा ठेवलेला काठ

रविवारी पहाटेच्या ट्रेनने जपानमधल्या हिगाशी-कसाईहून निघून मी डोंगरातल्या एका ओढ्यावर जातो. वादळात त्याचे काठ ढासळले आणि ट्राउटच्या जातीचे यामामे मासे दिसेनासे झाले. आम्ही हौशी मंडळी तिथे दगड रचतो, वाळुंजाच्या काठ्या रोवतो. ओलाव्यात त्यांना मुळं फुटतात, माती धरली जाते, माशांना सावली मिळते.

एका वळणावर काठाबरोबर एक म्हातारा वाहून गेला होता. तो सापडलाच नाही. त्याची बायको तिथे रोज भाताचा गोळा ठेवते. आम्ही काठ्या रोवायला गेलो तर ती आडवी आली. "हे बंद केलंत तर ते वर कुठून येणार?"

मी वैतागलो. एवढं भगदाड सोडलं तर पुढच्या पुरात सगळा काठ जाईल, हे मोडक्या जपानीत तिला दोनदा सांगितलं. ती पाण्याकडेच बघत राहिली. ती नजर माझ्या ओळखीची होती. बाबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा आई अशीच बघत होती. शेवटी काका हात जोडून म्हणाले, "वहिनीला सांभाळू," आणि कावळा आला.

मी पहार खाली ठेवली, हात जोडले आणि मराठीतच पुटपुटलो, "एवढी जागा उघडी ठेवतो."

गोळ्यातली चार शितं पाण्यात घरंगळली. खालून काहीतरी वर आलं आणि ती घेऊन गेलं.

यामामे भात खात नाहीत, असं सगळे सांगतात. मी हुज्जत घालत नाही. त्या वळणावर मात्र पाण्याकडे पाठ करून मला उभं राहवत नाही.