ठिगळबाईंच्या वर्षाची आखणी

ठिगळबाई हे नाव कुणी ठेवलं ते शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त सांगत कुणी नाही. ठेवलं गणिताच्या मास्तरांनी. बाई सहावीला शिकवायच्या, आणि त्यांना एक खोड होती. कुठलाही विषय त्यांना एकटा बघवायचा नाही. नदी शिकवायची म्हटली की भूगोलाला इतिहास जोडायचा, इतिहासाला कविता, कवितेला चित्र. "बाई, धडधाकट कापडाला ठिगळं कशाला लावता?" असं मास्तर एकदा शिक्षकांच्या खोलीत म्हणाले आणि नाव चिकटलं ते चिकटलं. बाईंना राग आला नाही. उलट त्यांनी आपल्या डब्यावरच ते नाव लिहून टाकलं, म्हणजे डब्यांची अदलाबदल नको.

सुट्टी लागली की त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पुढचं अख्खं वर्ष पसरायचं. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं कापून केलेल्या चिठ्ठ्या. वरच्या ओळीत सात मोठ्या: बाजार, नदी, घर, पूल, स्वयंपाकघर, आकाश, वर्तमानपत्र. एकेकीला पाच आठवडे. प्रत्येकीखाली भाषा, विज्ञान, इतिहास-भूगोल, चित्रकला आणि गणित यांच्या छोट्या चिठ्ठ्या, म्हणजे त्या पाच आठवड्यांत सगळे विषय एकाच गोष्टीभोवती फिरणार.

"अगं, मी ताट कुठे ठेवू? भूगोलावर की चित्रकलेवर?" नवऱ्याने विचारलं.

"चित्रकलेवर ठेवा. त्या बाई समजूतदार आहेत. डाग पडला तर त्याचं फूल काढतील."

बाई हसल्या खऱ्या, पण मन थाऱ्यावर नव्हतं. हे त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. सव्वीस वर्षं अशी आखणी केली, पण ती चालली लंगडत, कारण मास्तर आपले तास काही द्यायचे नाहीत. गणिताचा भाग बाई आपल्याच तासात कसाबसा उरकायच्या. एकदा, निदान एकदा, पूर्ण वर्ष सगळ्यांनी मिळून शिकवावं एवढी एकच इच्छा राहिली होती. मोठ्या बाईंनी निक्षून सांगितलं होतं, "सोमवारी पाचही विषयांच्या शिक्षकांच्या सह्या दिसल्या तर चालवा. एक जरी कमी असली तर पुस्तक उघडा आणि धडा पहिला." चार झाल्या होत्या, गणिताची तेवढी राहिली होती.

रविवारी दुपारी बाईंनी बोलावलं म्हणून मास्तर घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले, सही मागायला आलेल्या माणसासारखे, खरं तर द्यायची त्यांनीच होती. बाईंनी मनातल्या मनात भाषण तयार ठेवलं होतं. पण मास्तर वाकून चिठ्ठ्या वाचायला लागले आणि भाषण राहूनच गेलं.

"बाजार पहिला," मास्तर म्हणाले.

"दरवर्षी पहिलाच असतो. नवीन पोरं बुजलेली असतात. दुकान मांडलं, चार आरोळ्या ठोकल्या की तोंड उघडतात."

"आणि बाजारात शेकडा दहा सूट."

"मग? पोरं चटकन शिकतात. शेवटचं शून्य काढा, झाली सूट."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "तरीच! बाई, गेली कित्येक वर्षं मी शेकडा बारा विचारतो आणि तुमची पोरं शून्य शोधत बसतात! नाही सापडलं की रडतात. अर्धा-पाव अजून धड कळलेलं नाही, आणि सूट देऊन मोकळी!"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही तास मागितलेत. कधी विचारलंत का, मास्तर, तुमच्यात आधी काय येतं आणि मग काय?"

बाईंनी आठवून बघितलं. खरंच विचारलं नव्हतं. गोष्ट मधूनही सुरू करता येते, नदी कुठूनही बघता येते. गणिताचं तसं नसतं, ते जिन्यासारखं, पायरी गाळली की तोंडावर आपटायचं. आणि आपण प्रत्येक चिठ्ठीत त्याला नुसतं मोजायला बोलावलं, विटा मोज, बादल्या मोज. घरच्या माणसाला हमालासारखं राबवलं, आणि वर म्हटलं, मास्तर हटवादी आहेत.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "आधी काय?"

मास्तरांना याची सवय नव्हती. ते खुर्चीत नीट मागे टेकून बसले. "अपूर्णांक. अर्धी वाटी, पाव चमचा."

बाईंनी स्वयंपाकघर उचलून पहिलं ठेवलं. मग लांबी-रुंदी म्हणून घर. असं करता करता टेबलावरचं अख्खं वर्ष उलटंपालटं झालं. शेकडेवारी सरकत सरकत पार शेवटाला गेली. बाजाराची चिठ्ठी मात्र बाईंच्या हातातच राहिली.

"पहिल्या महिन्यात पोरं बोलणार कशी हो?"

"स्वयंपाकघरात बोलायचं कमी असतं का? माझ्या घरी येऊन बघा एकदा."

बाई हसल्या. चिठ्ठीचे कोपरे मऊ झाले होते, सव्वीस वर्षांत तिने पहिली जागा सोडली नव्हती. त्यांनी ती बोटाने सरळ केली आणि मास्तरांच्या हातात दिली. "तुम्हीच ठेवा."

मास्तरांनी ती अगदी शेवटी ठेवली, जिथे बाईंची नोकरी संपत होती तिथे. मग खिशातून पेन काढलं आणि खालच्या गणिताच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलं, 'शेकडेवारी. दोघांनी मिळून.'

"म्हणजे त्या महिन्यात तुम्ही माझ्या वर्गात?"

"मग काय! बाजारात बाईमाणूस एकटं दिसलं की लोक फसवतात," मास्तर म्हणाले, आणि बाई काही बोलायच्या आत त्यांनी सही करून टाकली.