ऊस ने

हे कागद कुणाच्या हाती लागलेच तर आधीच माफी मागते. माझं अक्षर म्हणजे शेणाच्या सारवणावरून कोंबडी चालून गेलेली. शाळा चौथीपर्यंत, आणि ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं तेव्हा बहुतेक मी भावाला सांभाळत घरी होते. पण ऱ्हस्व-दीर्घ चुकल्यावर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

शेवटाला टेकलेल्या माणसांजवळ मी जाऊन बसते. पैसे नसतात. साताऱ्यात या कामाच्या वर्गात आम्हा बायकांना शिकवलं, आपण बोलायचं नाही, ऐकायचं. मला तेवढंच येत होतं, म्हणून पास झाले.

मागच्या हंगामात कोरेगावाकडच्या एका आबांकडे जात होते. अन्न सुटलं होतं, आवाज खोल गेला होता. भेटायला येणारा प्रत्येकजण आधी "आबा, मला वळखलं का?" अशी परीक्षा घ्यायचा, मग चहा घ्यायचा, आणि उठताना म्हणायचा, "जीव कशात तरी आडकलाय."

एका सकाळी आबांचे ओठ हलले. थोरल्या मुलानं कान लावला.

"ऊस ने म्हणत्यात!"

घर कामाला लागलं. थोरल्यानं कारखान्यात फोन फिरवले, धाकट्यानं तोडणीच्या टोळीला कोंबडं कापलं. आबा हिंडते-फिरते असताना जो ऊस तुरे येईपर्यंत उभा राहायचा, तो दोन दिवसांत गेला. पुरावा म्हणून एक कांडं आबांच्या उशाशी ठेवलं.

"गेला ऊस, आबा. आता निवांत जावा," धाकटा म्हणाला आणि जीभ चावली. "म्हंजे, पडा."

आबांनी कांड्याकडे पाहिलं. पुन्हा तेच शब्द.

"वड्याकडंचा खोडवा ऱ्हायला न्हवं!" थोरला म्हणाला. तो दुसऱ्या पिकाचा ऊसही तुटला.

मी पायाशी बसून होते. ऐकणं माझं काम, पण मीही ऊसच ऐकला होता. तेवढ्यात पाहुण्यांच्या चहापायी साखर संपली. सून वाटी घेऊन निघाली, "जरा उसनी आणते." आबांचा हात एकदम वर झाला.

मी वाकले. "आबा, कुणाचे उसने?"

"म्हशीवालीचं. पाशे," आबा म्हणाले. "सांगलीला डोळं दावाय... माझ्या हातनं दे."

म्हशीवालीचे पाचशे रुपये देणं आहे, हे मी मुलांना सांगितलं. थोरला खवळला. "आमच्या बापाला उसनं? सारा फड आमचा!" धाकटा मला म्हणाला, "भायेर बोलू नगा." मग दोघं आपसात लागले.

"सांगलीला गेलं तवा आबा तुझ्याकडं जेवत हुतं."

"व्हय, पर डोळा तर दोघांच्या बापाचा!"

सुनेनंच शेजारच्या म्हशीवालीला बोलावून आणलं.

"आवं आबा, मी कवाच सोडलं ते."

"म्या न्हाई," आबा म्हणाले.

थोरल्यानं फोन काढला. "नंबर सांगा, टाकतो." आबांनी मान हलवली आणि बंडीकडे बोट केलं. चोरखिशात चारशे निघाले. उरलेल्या शंभराची भावांनी पन्नास-पन्नास अशी वाटणी केली. बांधावरून न भांडता झालेली त्यांची ही पहिलीच वाटणी.

मी नोटा आबांच्या मुठीत दिल्या. ती मूठ म्हशीवालीच्या ओंजळीवर सुटली.

"मोज," आबा म्हणाले.

तिनं बोट ओलं करून मोजल्या. "भरलं, आबा. पुरं पाशे."