आतोबांचा पिंजरा

मुंबई महाराष्ट्राला मिळाली, तर ती बातमी साऱ्या गिरगावात सगळ्यांत शेवटी आमच्या आतोबांना कळेल, हे मी आजच लिहून द्यायला तयार आहे, आणि कळल्यावर ते "हो का? मग उद्या ट्रॅम चालू असेल ना?" एवढंच विचारतील, हेही त्याच कागदावर लिहून देतो. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आईवडील गावी असल्यामुळे मी यांच्याच दीड खोलीच्या बिऱ्हाडात राहतो, यांचंच अन्न खातो, आणि तरीही सांगतो की असा थंड, असा निर्विकार, चळवळीला असा निरुपयोगी गृहस्थ आमच्या चाळीत दुसरा नाही. सभेला चला म्हटलं की यांचे गुडघे दुखतात. पत्रक हातात दिलं तर मजकुरावर नजर टाकण्याआधी कागद बोटांत चोळून बघतात आणि म्हणतात, "जाड आहे रे. चांगला शोषेल." मला वाटलं, जनतेच्या मनात विचार मुरण्याबद्दल काही बोलत असावेत. पुढे रोज गठ्ठाभर पत्रकं मागून न्यायला लागले, तेव्हा मी कार्यकर्त्यांच्या बैठकीत छाती पुढे काढून सांगितलं की आमचे आतोबासुद्धा आता कचेरीत प्रचार करतात. ती पत्रकं प्रत्यक्षात कुठे जात होती, ते आत्याने मला दाखवलं. त्यांच्या बारीक पट्ट्या कापून दोन गिनिपिगांच्या खाली अंथरल्या होत्या. मी रात्र रात्र जागून लिहिलेला जळजळीत मजकूर, आणि त्यावर लेंड्या.

हे गिनिपिग परळहून आले. आतोबा तिथल्या एका प्रयोगशाळेत भांडारात कारकून आहेत, आणि तिथे हे प्राणी सुया टोचायला पाळतात. इतकी वर्षं यांनी त्यांच्या चाऱ्याचा हिशेब ठेवला आणि यांना काही वाटलं नाही. मग एके दिवशी काय झालं कोण जाणे, एक तपकिरी आणि एक पांढरा असे दोन जीव कापडी पिशवीत घालून, पिशवी मांडीवर धरून, ट्रॅमने घरी आले. तिथल्या डॉक्टरांनी अट घातली होती. पिंजरा मानवला आणि जनावरं खाऊ लागली तर ठेवा, नाहीतर महिनाअखेर परत आणा, इथे ती लागतात. कशासाठी लागतात ते सांगायला नको.

"यांची शेपूट कुठाय?" आत्याने पिशवीत डोकावून विचारलं.

"नसतेच यांना."

"म्हणजे उंदीरच, आणि तोही अर्धवट."

त्या दिवसांत मुंबईत काय चाललं होतं हे वाचकांना मी सांगायला नको. माणसं गोळ्या खाऊन रस्त्यात पडत होती. आणि आमच्या घरातला कर्ता पुरुष काय करत होता? तो चोरबाजारातून पोपटाचा जुना पिंजरा आणून, त्याच्या तळाच्या जाळीवर अनवाणी पाय ठेवून, खुर्चीत बसला होता. संध्याकाळभर. मी आतबाहेर करत होतो, खाली घोषणा चालल्या होत्या, आणि हे पाय जाळीवर ठेवून पंचांग वाचत होते. शेवटी उठले, तळव्यांवर उमटलेल्या चौकटी मला दाखवल्या आणि म्हणाले, "नाही चालणार. यांना फळीच लागेल." तळपायाला पडलेल्या वळांबद्दल या माणसाला वाटणारी कळकळ मी लाठ्यांच्या वळांबद्दल त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. हरताळाच्या दिवशी सगळी बाजारपेठ बंद असताना हे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या फुलवालीच्या दारात उभे राहून दूर्वा मागत होते. आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, गणपतीच्या दूर्वा उंदरांना घालता?" यावर यांचं उत्तर, "गणपती कुठे एकटा खातो? त्याच्या पायाशी कोण बसलेला असतो, बघ जरा."

मग फळीचा तळ आला, बाजूंनी उंदीर शिरू नयेत म्हणून बारीक जाळी आली, आणि हे सगळं मांडायला जागा निवडली गेली ती गॅलरीतली माझी. त्या कोपऱ्यात मोर्च्याचे फलक उभे असत. पण तिथे ऊन लागत नाही, वारा लागत नाही, असा शोध लागल्यामुळे मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची रवानगी खाटेखाली झाली. पिंजरा मात्र झकास दिसत होता, चारी बाजूंनी मोकळा, हवेशीर. चाळीतली पोरंबाळं दिवसभर जाळीला नाक लावून बसत. आणि गिनिपिग काही खाईनात. एकमेकांना चिकटून मधोमध थरथरत बसायचे. गाजर आलं, कोथिंबिरीच्या काड्या आल्या, सगळं सुकून गेलं; रात्री अंधारात चार काड्या कमी व्हायच्या, तेवढ्याच. महिना अर्धा सरला. आतोबा जेवायचे थांबले नाहीत, पण ताटावर बसून गॅलरीकडे बघत राहायचे. मी म्हटलं, "इथे एक राज्य जन्माला येतंय, आतोबा." ते म्हणाले, "ते येईल रे. हे जगतील असं वाटत नाही."

त्याच सुमारास आमच्या तुकडीने सत्याग्रह केला. लाठ्या बसल्या, माझ्या हातातल्या फलकाचे दोन तुकडे झाले, त्यातला एक मागे कोणीतरी चाळीत आणून टाकला, आणि आम्ही तुरुंगात गेलो. आठवड्याभराने सुटून आलो तेव्हा चाळीने मला खांद्यावर घेतलं. आयाबायांनी ओवाळलं. मी जिन्यात उभा राहून भाषण केलं, त्यातलं निम्मं आधीच पाठ होतं. सगळे पांगल्यावर आतोबा माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं, निदान आज तरी पाठीवर हात ठेवतील.

"आत भिंत किती बाजूंनी होती रे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"म्हणजे गज एकाच बाजूला, की दोन्हीकडे?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "दोन्हीकडे. येणारा-जाणारा बघत होता. झालं समाधान?"

"जेवलास का पहिल्या दिवशी?"

"नाही."

"अन्न वाईट होतं?"

"अन्नाचं काय विचारता? पहारेकरी गजाला टेकून तोंडाकडे बघत उभा. घास उतरत नव्हता."

"मग?"

मग काय, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. जिन्यातल्या भाषणात तर नाहीच. पण या माणसाला टाळता येत नाही, कारण तो उत्तर मिळेपर्यंत नुसता बसून राहतो. मी सांगितलं की दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एका गिरणी कामगाराने एका कोपऱ्यात आपलं कांबळं आडवं बांधलं. एकेक जण त्याच्यामागे जाऊन बसून यायचा. कोणी जेवायचा, कोणी नुसता बसायचा. "तू?" आतोबांनी विचारलं. मी म्हटलं, "मीही बसलो." काय केलं ते त्यांनी विचारलं नाही. उठले, खाटेखाली वाकले, करवत घेऊन गॅलरीत गेले.

माझ्या मोडक्या फलकाचा उरलेला तुकडा पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात आडवा उभा राहिला, त्याला खाली मुठीएवढं भोक. गिनिपिग त्यामागे गेले ते दिसेनासेच झाले. आतोबांनी पोरांना हाकललं, आत्याला गप्प केलं, आणि थोड्या वेळाने आतून कुरकुर कुरतडण्याचा आवाज आला. गाजराचा. परळची फेरी टळली. त्या तुकड्यावर माझ्या अक्षरात फक्त 'पाहिजे' एवढंच उरलं आहे. शेजारच्या बिऱ्हाडातले पाहुणे परवा पिंजऱ्यापाशी थबकले आणि हसत म्हणाले, "काय पाहिजे म्हणतात हे?"

"कोपरा," आतोबा म्हणाले.

हा माणूस चळवळीला निरुपयोगी आहे, हे माझं मत मी बदललेलं नाही. उद्या आमची दुसरी तुकडी निघते, आणि आज सकाळी ट्रॅमला जाताना यांनी मला यशाचा आशीर्वाद दिला नाही की काळजी घे म्हटलं नाही. जुन्या धोतराचा एक रुंद तुकडा माझ्या पिशवीवर ठेवला. दोन्ही टोकांना काठ दुमडून शिवलेले, त्यांतून सुतळी ओवलेली.

"आतोबा, हे आत नेऊ देणार नाहीत," मी म्हटलं.

"सुतळी आत सरकव आणि उपरण्यासारखं गळ्यात घाल. उपरणं कोण काढून घेतंय?"

एवढं बोलून ते जिना उतरले, पायरी पायरीवर गुडघा धरत. मी ते धोतर गळ्यात घालून पाहिलं. लांबी बरोबर होती. मी झोपलो असताना त्यांनी माझं माप घेतलं असलं पाहिजे.